कॉल्डर, नायजेल

(२ डिसेंबर १९३१ – २५ जून २०१४). ब्रिटिश विज्ञानपत्रकार, न्यू सायंटिस्ट या साप्ताहिकाचे संपादक व दूरचित्रवाणीवरील विज्ञानविषयक अनुबोधपटांचे लेखक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खगोलशास्त्र, भूविज्ञान, कणभौतिकी व जलवायुविज्ञान या शाखांत झालेल्या वैचारिक स्थित्यंतरांचा परिचय सामान्य सुशिक्षित वर्गाला करून देणाऱ्या लेखकांत त्यांची गणना होते. एखादे संशोधन पाठ्यपुस्तकात स्थिरावल्यानंतर त्याची ओळख करून देण्यापेक्षा, त्यासंबंधीचा वाद चालू असतानाच तो लोकांपुढे मांडण्याकडे त्यांचा कल होता. या पद्धतीमुळे त्यांना जागतिक कीर्ती लाभली. उत्तरायुष्यात जलवायुमानातील बदलाच्या प्रश्नावर याच पद्धतीने त्यांना बहुसंख्य वैज्ञानिकांच्या विरोधात नेऊन उभे केले. विज्ञानपत्रकाराचा अधिकार कोणत्या आधारावर उभा असतो व तो कोठे संपतो, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांच्या कारकीर्दीचा इतिहास उद्‌बोधक आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी व शिक्षण : नायजेल यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील पीटर रिची कॉल्डर (१९०६–८२) हे ब्रिटनमधील विज्ञानपत्रकारितेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. स्कॉटलंडमधील फॉरफार येथे जन्मलेल्या रिची कॉल्डर यांना विद्यापीठीय शिक्षण लाभले नव्हते. लहान वयातच वृत्तपत्रव्यवसायात शिरून ते प्रथम सामान्य वार्ताहर व पुढे विज्ञानविषयक लेखक झाले. डेली हेरल्ड व न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्रांतून त्यांनी विपुल लेखन केले. १९४०-४१ मध्ये लंडनवर झालेल्या बाँबहल्ल्यांचे व त्यांत बेघर झालेल्या नागरिकांच्या हालांचे त्यांनी केलेले वार्तांकन विशेष गाजले. युद्धोत्तर काळात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यासाठी त्यांनी वाळवंटी व जंगली प्रदेशांत प्रवास केला आणि त्यांवर पुस्तके लिहिली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश विज्ञानलेखकांच्या संघटनेच्या संस्थापकांत ते होते. १९६६ मध्ये त्यांना तहहयात उमरावपद देण्यात आले. विज्ञान हे समाजाच्या हितासाठी आहे आणि त्याचा वापर कसा करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही आहे, ही त्यांची धारणा होती. नायजेल यांच्यावर या धारणेचा संस्कार बालपणापासून झाला. त्यांचे धाकटे बंधू अँगस कॉल्डर (१९४२–२००८) हे इतिहासकार असून दुसऱ्या महायुद्धकालीन ब्रिटिश जनजीवनावरील द पीपल्स वॉर (१९६९) हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

नायजेल यांचे शालेय शिक्षण मर्चंट टेलर्स स्कूलमध्ये व उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठाच्या सिडनी ससेक्स कॉलेजात झाले. तेथे त्यांनी निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला. १९५४ मध्ये ते सरे परगण्यातील मुलार्ड या इलेक्ट्रॉनीय उपकरणे बनविणाऱ्या कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत भौतिकीविज्ञ म्हणून रुजू झाले. तेथे ते सुमारे दोन वर्षे होते. वडिलांची पत्रकारिता निरीक्षणातून व लोकसंपर्कातून घडली होती. मुलाला तिच्या जोडीला विद्यापीठातील शिक्षणाची व प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष कामाची शिदोरी मिळाली. दोन पिढ्यांतील हा फरक ब्रिटिश विज्ञानपत्रकारितेत त्या काळी होत असलेल्या बदलाचाही द्योतक आहे. वैज्ञानिकांच्या भाषेतील निबंध मुळातून वाचून त्याचा अर्थ लावू शकेल, असा लेखक आता हवा होता.

न्यू सायंटिस्ट : २२ नोव्हेंबर १९५६ रोजी लंडन येथे न्यू सायंटिस्ट या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्याची किंमत एक शिलिंग होती. टॉम मार्गरिसन व मॅक्स रेझन यांच्या पुढाकाराने निघालेल्या या साप्ताहिकाचा उद्देश विज्ञानातील शोध आणि त्यांचे औद्योगिक, व्यापारी व सामाजिक परिणाम यांत रस असणाऱ्या सर्व स्त्री-पुरुषांपर्यंत पोहोचण्याचा होता. त्याचे पहिले संपादक पर्सी कडलिप हे वृत्तपत्रसृष्टीतील अनुभवी संपादक असले, तरी त्यांचे शिक्षण विज्ञानाचे नव्हते. त्यामुळे विज्ञानाची बाजू सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्यांची त्यांना गरज होती. कॉल्डर हे आरंभीच्या या संपादकवर्गात १९५६ मध्येच दाखल झाले.

साप्ताहिकाला काळही अनुकूल लाभला. अणुऊर्जेपासून मोठ्या प्रमाणावर वीजनिर्मिती करणारे ब्रिटनमधील पहिले केंद्र ऑक्टोबर १९५६ मध्ये सुरू झाले होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. १९५९ मध्ये सी. पी. स्नो यांनी केंब्रिज येथील व्याख्यानात साहित्यिक व वैज्ञानिक अशा दोन संस्कृतींमधील दुराव्याकडे लक्ष वेधले. १९६३ मध्ये मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी वैज्ञानिक क्रांती हा आपल्या राजकीय कार्यक्रमाचा गाभा असल्याचे जाहीर केले. विज्ञान हा राज्यकारभाराचा, अर्थव्यवस्थेचा व संरक्षणाचा विषय झाला होता. परंतु त्यावर साधकबाधक चर्चा करता येईल असे व्यासपीठ थोडेच होते. न्यू सायंटिस्टने ही उणीव भरून काढली.

कॉल्डर १९६० मध्ये या साप्ताहिकाचे विज्ञान-संपादक झाले. १९६२ मध्ये कडलिप यांचे निधन झाल्यावर संपादकपदाची धुरा त्यांच्याकडे आली. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम ३१ वर्षांचे होते. १९६६ पर्यंत ते या पदावर होते. याच सुमारास, १९६२ ते १९६४ या काळात, ते ब्रिटिश विज्ञानलेखक संघटनेचे अध्यक्षही होते. न्यू स्टेट्‌समन या राजकीय साप्ताहिकाचे विज्ञान-वार्ताहर म्हणून त्यांनी प्रथम १९५९ ते १९६२ व पुन्हा १९६६ ते १९७१ या काळात लेखन केले.

संपादक या नात्याने त्यांचा सर्वांत उल्लेखनीय उपक्रम म्हणजे १९६४ मध्ये चालविलेली ‘द वर्ल्ड इन १९८४’ ही लेखमाला. आणखी वीस वर्षांनी जग कसे असेल याविषयी विविध क्षेत्रांतील सुमारे शंभर तज्ज्ञांकडून त्यांनी लेख मागविले. १९८४ या वर्षाची निवड हेतुपुरस्सर होती. जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीमुळे या सालाभोवती हुकूमशाहीच्या भीतीचे वलय निर्माण झाले होते. १९६५ मध्ये पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने ही लेखमाला दोन खंडांत प्रसिद्ध केली. भविष्याविषयीचे अंदाज खरे ठरतात की खोटे, यापेक्षा ते करताना वैज्ञानिकांना आपल्या संशोधनाच्या सामाजिक परिणामांचा जाहीर विचार करावा लागतो, हे या उपक्रमाचे महत्त्व होय. कॉल्डर यांनी या अंदाजांचा हिशेबही टाळला नाही. १९८४ हे साल समीप आल्यावर १९८४ अँड आफ्टर (१९८३) या पुस्तकात त्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या भाकितांकडे वळून पाहिले.

स्वतंत्र लेखन : १९६६ मध्ये संपादकपद सोडून कॉल्डर यांनी स्वतंत्र लेखनाचा मार्ग स्वीकारला. या काळातील त्यांच्या पुस्तकांत विज्ञानाच्या वापराविषयीचा सामाजिक व राजकीय विचार प्रकर्षाने दिसतो. द एन्व्हायरन्मेंट गेम (१९६७) या पुस्तकात त्यांनी शेतीमुळे पृथ्वीवरील नैसर्गिक प्रदेशांचा मोठा ऱ्हास झाला असून अन्न कृत्रिम पद्धतीने तयार करून जमीन पुन्हा निसर्गाच्या स्वाधीन करावी, असा धाडसी विचार मांडला. त्यांनी संपादित केलेल्या अनलेस पीस कम्स (१९६८) या ग्रंथात भावी काळातील शस्त्रास्त्रांविषयी तज्ज्ञांनी केलेले अंदाज एकत्रित केले आहेत. निसर्गातील घडामोडींत हेतुतः ढवळाढवळ करून त्यांचा शस्त्र म्हणून वापर होण्याच्या शक्यतेची भूभौतिकीविज्ञ गॉर्डन मॅकडॉनल्ड यांनी केलेली चर्चा त्यात आहे. टेक्नोपोलिस (१९६९) या ग्रंथाचा विषय विज्ञानाच्या उपयोगांवरील सामाजिक नियंत्रण हा होता. तंत्रविद्येचे निर्णय केवळ तज्ज्ञांवर व शासनावर न सोपविता त्यांची उघड चर्चा झाली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती.

अनुबोधपट : कॉल्डर यांची जागतिक कीर्ती मुख्यतः ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनसाठी (बीबीसी) त्यांनी लिहिलेल्या अनुबोधपटांवर आधारलेली आहे. या संस्थेची दुसरी दूरचित्रवाणी-वाहिनी १९६४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावरून १९६७ मध्ये रंगीत प्रक्षेपणास आरंभ झाला. गंभीर विषयांना दीर्घ वेळ देणे या वाहिनीवर शक्य होते. तिच्यासाठी एकेका विज्ञानशाखेचा समग्र आढावा घेणारे प्रदीर्घ अनुबोधपट निर्माण करण्याची प्रथा पडली. परदेशी दूरचित्रवाणी संस्थांच्या सहकार्यामुळे अशा खर्चिक निर्मितीचा भार वाटला जाई व तिला ब्रिटनबाहेरचे प्रेक्षकही मिळत.

या अनुबोधपटांत कॉल्डर यांचे काम दिग्दर्शनाचे नसून संशोधन व संहितालेखनाचे होते. प्रथम ते निवडलेल्या विषयातील अद्ययावत निबंध वाचीत व निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांना आणि वेधशाळांना भेटी देऊन संशोधकांशी चर्चा करीत. त्यातून कोणते शोध मध्यवर्ती व कोणते दुय्यम, कोणता वाद महत्त्वाचा व कोणता केवळ शाब्दिक, हे ठरवून ते कथनाचा आराखडा तयार करीत. त्यानंतर निर्माता व चित्रीकरण पथक यांच्या साहाय्याने तो दृश्यरूप घेई. याच सामग्रीवर आधारलेले सचित्र पुस्तक अनुबोधपटाबरोबर प्रसिद्ध होत असे. पडद्यावर क्षणभर दिसून जाणारी गोष्ट पुस्तकात सावकाश वाचता येई आणि पुस्तकातील अवघड भाग चित्रांमुळे सुगम होई. अशा रीतीने दूरचित्रवाणी व ग्रंथ ही माध्यमे परस्परांना पूरक ठरली.

या मालिकेतील द व्हायलंट युनिव्हर्स (१९६९) हा पहिला अनुबोधपट खगोलशास्त्रावर होता. त्याआधीच्या अवघ्या सहा वर्षांत या शास्त्राचे स्वरूप पालटले होते. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी क्वासार अतिदूर असल्याचे दाखवून दिले. १९६५ मध्ये आर्नो पेंझिअस व रॉबर्ट विल्सन यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर केला आणि त्यामुळे विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली या कल्पनेस बळकटी आली. फेब्रुवारी १९६८ मध्ये जॉसेलिन बेल, अँटनी ह्यूइश व त्यांचे सहकारी यांनी नियमित कालांतराने रेडिओ स्पंद पाठविणाऱ्या स्पंदकांचा, म्हणजे पल्सारांचा, शोध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी हा अनुबोधपट दाखविण्यात आला. शांत व अविचल वाटणारे आकाश प्रत्यक्षात प्रचंड स्फोटांनी व उलथापालथींनी भरलेले आहे, हे त्याचे प्रतिपाद्य शीर्षकातूनच स्पष्ट होते. महास्फोट व स्थिर स्थिती या दोन सिद्धांतांमधील वाद त्या काळी पुरता शमलेला नव्हता. मराठी वाचकांना हा वाद जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कार्यामुळे परिचित आहे. स्थिर स्थिती सिद्धांताचे एक प्रणेते फ्रेड हॉईल यांच्यासमवेत केंब्रिज येथे काम करीत असता नारळीकरांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला होता.

मेंदूसंशोधनाचा परामर्श घेणाऱ्या द माइंड ऑफ मॅन (१९७०) या अनुबोधपटानंतर द रेस्टलेस अर्थ (१९७२) हा भूविज्ञानावरील अनुबोधपट आला. खंडे एकमेकांपासून दूर सरकली असावीत, ही कल्पना आल्फ्रेट व्हेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडली होती. परंतु सरकण्यामागील यंत्रणा पटण्याजोगी न दाखविता आल्याने ती दीर्घकाळ उपेक्षित राहिली. १९६० नंतर सागरतळाच्या विस्ताराचा पुरावा मिळाला आणि १९६७-६८ मध्ये भूपट्ट सांरचनिकीच्या सिद्धांताला निश्चित रूप आले. भूकवचाचे मोठे पट्ट सरकतात. त्यांच्या सीमांवर भूकंप व ज्वालामुखी आढळतात. भारतीय उपखंड आशियाला भिडल्यामुळे हिमालय उंचावला, ही आता शालेय पुस्तकांत आढळणारी माहिती त्या वेळी भूवैज्ञानिकांच्याही पूर्णपणे अंगवळणी पडली नव्हती. कॉल्डर यांनी ती सामान्य प्रेक्षकांपुढे सुसंगत कथनाच्या रूपाने मांडली. उपेक्षित कल्पना अर्धशतकानंतर विजयी कशी होते, याचे हे जिवंत उदाहरण होते आणि त्याचा स्वतः कॉल्डर यांच्या विचारसरणीवरही खोल ठसा उमटल्याचे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते.

द लाइफ गेम (१९७३) मध्ये क्रमविकासाचा आणि द की टू द युनिव्हर्स (१९७७) मध्ये मूलकणांच्या भौतिकीचा परामर्श घेतलेला आहे. यांपैकी दुसऱ्यास १९७४ मध्ये लागलेल्या एका नव्या कणाच्या शोधाची व त्यामुळे क्वार्क कल्पनेला मिळालेल्या पुष्टीची पार्श्वभूमी होती. स्पेसशिप्स ऑफ द माइंड (१९७८) मध्ये अवकाशातील भावी वसाहतींची चर्चा आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७९ मध्ये प्रक्षेपित झालेला आइन्स्टाइन्स युनिव्हर्स हा त्यांचा अतिशय लोकप्रिय अनुबोधपट होय. त्यात विख्यात नट पीटर उस्टिनॉव्ह हे जिज्ञासू सामान्य माणसाच्या भूमिकेतून भौतिकीविज्ञांना प्रश्न विचारतात आणि त्यांच्या उत्तरांतून सापेक्षता सिद्धांत उलगडत जातो. अवघड विषयाच्या प्रतिपादनात प्रेक्षकाचा प्रतिनिधी पडद्यावर उभा करण्याची ही युक्ती प्रभावी ठरली. त्याच वर्षीच्या न्यूक्लिअर नाइटमेअर्स या अनुबोधपटात व पुस्तकात अणुयुद्ध कोणकोणत्या मार्गांनी पेटू शकेल याचे विश्लेषण आहे. पित्याकडून आलेली युद्धविरोधी व लोकहितवादी परंपरा त्यात पुन्हा प्रत्ययास येते.

हिमयुगांचा प्रश्न : जलवायुमानावरील द वेदर मशीन हा अनुबोधपट १९७४ मध्ये दाखविण्यात आला. हिमयुगे का येतात, हा त्यातील एक प्रमुख प्रश्न होता. पृथ्वीच्या अक्षाच्या कलात व दिशेत आणि तिच्या कक्षेच्या आकारात दीर्घ कालावधीने बदल होतात. त्यामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात मिळणारी सौर ऊर्जा कमीजास्त होते व हिमयुगे येतात, असा सिद्धांत सर्बियन वैज्ञानिक मिल्यूटिन मिलानकोविच यांनी मांडला होता. परंतु १९७० च्या सुमारास त्याला फारसे अनुयायी नव्हते. कॉल्डर यांनी साध्या गणिताने त्याची परीक्षा घेतली. ५०° उत्तर अक्षांशावरील उन्हाळी सूर्यप्रकाश ठराविक पातळीच्या खाली गेला की बर्फ वाढते व वर गेला की ते वितळते, एवढेच गृहीत धरून त्यांनी बर्फाच्या साठ्यातील चढउतार काढले आणि सागरतळातील गाळाच्या नमुन्यांवरून मिळालेल्या इतिहासाशी ते पडताळून पाहिले. हा निबंध १९७४ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १९७६ मध्ये जेम्स हेझ, जॉन इंब्री व निकोलस शॅकल्टन यांनी अधिक काटेकोर विश्लेषण करून मिलानकोविच यांच्या सिद्धांताला भक्कम पुरावा दिला. विज्ञानपत्रकाराने वैज्ञानिक वादात स्वतःचे गणित मांडावे व ते योग्य दिशेचे ठरावे, ही घटना विरळा होय.

तथापि याच अनुबोधपटात नवे हिमयुग तुलनेने अल्पावधीत अवतरण्याच्या शक्यतेवर बराच भर होता. उन्हाळ्यात न वितळलेले बर्फ विस्तीर्ण प्रदेशांवर साचत जाऊन हिमयुगाचा झपाट्याने आरंभ होऊ शकेल, असे त्यात सुचविले होते. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने तापमान वाढेल, हे मत मांडणारे स्वीडिश वातावरणवैज्ञानिक बर्ट बोलिन यांनाही त्यात स्थान मिळाले होते. परंतु प्रेक्षकांच्या मनावर शीतकरणाच्या भीतीची छाप अधिक पडली. १९६५ ते १९७९ या काळातील वैज्ञानिक निबंधांची जी पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीनुसार तपासलेल्या ७१ निबंधांपैकी ४४ निबंधांत तापमानवाढीचा, ७ निबंधांत शीतकरणाचा अंदाज होता व उरलेले २० तटस्थ होते. नाट्यमय शक्यता व संभाव्य शक्यता यांतील तोल पडद्यावर सांभाळणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण आहे.

कलिंग पुरस्कार : विज्ञानप्रसाराच्या कार्याबद्दल कॉल्डर यांना युनेस्कोचा १९७२ चा कलिंग पुरस्कार अमेरिकन भौतिकीविज्ञ व संपादक फिलिप एबल्सन यांच्यासमवेत देण्यात आला. ओडिशातील उद्योजक व राजकीय नेते बिजू पटनाईक यांच्या देणगीतून निर्माण झालेला हा पुरस्कार १९५२ पासून दिला जातो. रिची कॉल्डर यांना तो १९६० मध्ये मिळाला होता. अशा रीतीने भारतीय प्रेरणेतून उभा राहिलेला हा आंतरराष्ट्रीय सन्मान कॉल्डर पिता-पुत्र दोघांच्याही वाट्याला आला. गणितविषयक ग्रंथांचे लेखक जगजित सिंग (१९६३) हे त्याचे पहिले भारतीय मानकरी होत. फ्रेड हॉईल यांना १९६७ मध्ये व जयंत नारळीकर यांना १९९६ मध्ये या पुरस्काराने गौरविण्यात आले.

उत्तरकालीन लेखन : १९८० नंतरही कॉल्डर यांचे लेखन अव्याहत चालू होते. हॅली धूमकेतूचे आगमन जवळ आल्याच्या पार्श्वभूमीवर त्यांनी द कॉमेट इज कमिंग ! (१९८०) हे पुस्तक लिहिले आणि धूमकेतूंविषयीच्या जुन्या भयांचा व समजुतींचा खरपूस समाचार घेतला. मार्च १९८६ मध्ये यूरोपीय अवकाश संस्थेचे जॉट्टो हे यान या धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किमी. अंतरावरून गेले. त्या मोहिमेचा वृत्तांत त्यांनी जॉट्टो टू द कॉमेट्स (१९९२) या पुस्तकात दिला. टाइमस्केल (१९८३) हा विश्वोत्पत्तीपासून आधुनिक काळापर्यंतच्या घटनांचा कालपट आहे. द इंग्लिश चॅनल (१९८६) या पुस्तकात सागरी प्रवासाच्या त्यांच्या आवडीचा व इतिहासाच्या व्यासंगाचा मेळ आढळतो. स्पेसशिप अर्थ (१९९१) ही त्यांची मालिका व पुस्तक पृथ्वीच्या भूगोलाविषयी आहे. मॅजिक युनिव्हर्स (२००३) हा आधुनिक विज्ञानाचा परिचय करून देणारा बृहद्‌ग्रंथ त्यांच्या व्यासंगाचा कळस मानता येईल. विज्ञानग्रंथांसाठी दिल्या जाणाऱ्या अव्हेंटिस पुरस्काराच्या २००४ च्या अंतिम यादीत त्याचा समावेश झाला होता.

सूर्य, विश्वकिरण व जलवायुमान : कॉल्डर यांच्या कारकीर्दीतील सर्वांत वादग्रस्त पर्व १९९० नंतरचे आहे. पृथ्वीच्या तापमानवाढीचे मुख्य कारण मानवनिर्मित कार्बन डाय-ऑक्साइड हे नसून सूर्याच्या क्रियाशीलतेतील बदल हे आहे, असे मत त्यांनी द मॅनिक सन (१९९७) या पुस्तकात मांडले. डॅनिश भौतिकीविज्ञ हेन्रिक स्वेन्समार्क यांचे संशोधन त्याचा आधार होते. सूर्य अधिक क्रियाशील असताना त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीकडे येणाऱ्या विश्वकिरणांना अधिक प्रमाणात अडविते. विश्वकिरणांमुळे वातावरणात आयन निर्माण होतात व ते ढगांच्या निर्मितीस साहाय्यभूत होतात. म्हणून विश्वकिरण कमी झाले की खालच्या थरांतील ढग कमी होऊन पृथ्वी तापते, असा हा युक्तिवाद आहे. स्वेन्समार्क यांच्या सहकार्याने त्यांनी द चिलिंग स्टार्स (२००७) हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी प्रचलित मताला विरोध करणाऱ्या एका ब्रिटिश अनुबोधपटातही त्यांनी आपली मते मांडली.

या सिद्धांताची परीक्षा प्रयोगांनी व निरीक्षणांनी झाली. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत क्लाउड नावाचा प्रयोग त्यासाठीच उभारण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या निष्कर्षांनुसार आयनीभवनामुळे वातावरणातील सूक्ष्म कणांची निर्मिती वाढते. मात्र हे कण मेघबिंदूंचे केंद्रक होण्याइतके मोठे नसतात. कॉल्डर यांच्या निधनानंतर, २०१६ मध्ये, या प्रयोगातील मापनांवर आधारलेल्या विश्लेषणातून असे दिसून आले की, सौरचक्रामुळे विश्वकिरणांत होणाऱ्या चढउतारांचा आजच्या वातावरणातील ढगांवर लक्षणीय परिणाम होत नाही. शिवाय १९८० च्या दशकापासून सूर्याची क्रियाशीलता वाढलेली नसताना पृथ्वीचे तापमान वाढतच गेले. जलवायुमानातील बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात मानवी कृतींमुळे वातावरण, महासागर व भूपृष्ठ तापले असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत नमूद केले. कॉल्डर यांनी पुरस्कारिलेल्या स्पष्टीकरणाला त्यामुळे वैज्ञानिक मान्यता मिळाली नाही.

मूल्यमापन : कॉल्डर यांच्या या भूमिकेचे मूळ त्यांच्या पूर्वायुष्यातील अनुभवांत शोधता येते. व्हेगेनर व मिलानकोविच हे दोघेही आपापल्या काळी अल्पमतात होते आणि पुढे दोघांचेही म्हणणे ग्राह्य ठरले. या स्थित्यंतरांचा वृत्तांत कॉल्डर यांनी स्वतः लिहिला होता. दुसऱ्यात तर त्यांचा अल्पसा वाटाही होता. बहुमत म्हणजे सत्य नव्हे, हा धडा त्यांनी त्यातून घेतला व तो योग्यच होता. परंतु त्याचा व्यत्यास खरा नसतो. अल्पमतात असलेल्या प्रत्येक कल्पनेच्या पाठीशी उद्याचा पुरावा उभा असतोच असे नाही. भूपट्ट सांरचनिकीचा विजय तिच्या समर्थकांच्या निर्भयतेमुळे झाला नाही. सागरतळावरील चुंबकीय नोंदी, भूकंपांची वाटणी व खडकांची वये या परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या पुराव्यांनी एकच निष्कर्ष दिल्यामुळे झाला. जलवायुमानाच्या बाबतीत असा एकमुखी पुरावा दुसऱ्या बाजूस जमा होत गेला.

पत्रकार हा वादाचा साक्षीदार असतो तोवर दोन्ही पक्षांना न्याय देणे त्याला तुलनेने सुकर असते. तो एका पक्षाचा वकील झाला की वाचकाला त्याच्या निवडीवर पूर्वीइतका विश्वास ठेवता येत नाही; आणि निवड हेच तर विज्ञानपत्रकाराचे मुख्य काम होय. सामान्य वाचक मूळ निबंध वाचू शकत नाही, प्रयोग करून पाहू शकत नाही. कोणाचे म्हणणे ऐकावे हे तो लेखकाच्या भरवशावर ठरवीत असतो. हा भरवसा कॉल्डर यांनी जवळजवळ चार दशके परिश्रमपूर्वक संपादन केला होता, म्हणूनच त्यांच्या उत्तरकालीन मतांना प्रसिद्धी मिळाली व म्हणूनच त्यांच्यावर टीकाही कठोर झाली.

या वादामुळे त्यांच्या मूळ कार्याचे मोल कमी होत नाही. वैज्ञानिकांना सुबोध लिहावयास लावणारे व त्यांच्याकडून भविष्याची जबाबदारी वदवून घेणारे संपादक, दीर्घ अनुबोधपट व ग्रंथ यांची सांगड घालणारे लेखक आणि विज्ञान ही निर्णीत सत्यांची जंत्री नसून चालू असलेला शोध आहे याची प्रचीती आणून देणारे भाष्यकार म्हणून त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी रुजविलेली अनुबोधपटाची पद्धत पुढील काळात दूरचित्रवाणीवरील विज्ञानकार्यक्रमांचा परिचित प्रकार बनली. त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ वेस्ट ससेक्समधील क्रॉली येथे होते. त्यांचे चिरंजीव सायमन कॉल्डर हे प्रवासविषयक पत्रकार म्हणून प्रसिद्ध आहेत. वयाच्या ८३ व्या वर्षी कॉल्डर यांचे निधन झाले.